तिसरा तज्ज्ञ मिळाला, पण

गुरुवार, पेण. बरेच दिवस या ब्लॉगवर फिरकले नाही, माफ करा. दमले होते, एवढंच.

खाऱ्या जमिनीतल्या भातावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेचं सरकारी अनुदान चालू ठेवावं का, हे तपासायला तीन बाहेरचे तज्ज्ञ शोधायचं काम माझ्याकडे आहे. दोन मिळालेत. उद्यापर्यंत तिसरा नसेल तर तपासणी रद्द आणि अनुदानही बंद.

या विषयातला जो तो कधीतरी त्या संस्थेत नोकरीला होता, नाहीतर त्याचा जावई तिथे आहे. म्हणून आज रोह्याला माझ्या कॉलेजच्या सरांकडे गेले. त्यांचा विषय हाच, पण संस्थेशी कधीच संबंध आला नाही.

संस्थेशी संबंध नसल्याचा फॉर्म सरांनी दोनदा वाचला. "माझा संबंध नाय, खरंय. पण मला निवडलं कोणी?"

"मी."

"आणि तू विद्यार्थिनी कोणाची?"

"सर, फॉर्ममध्ये तसा रकाना नाहीये."

आतून काकू म्हणाल्या, "परीक्षेत पण अशीच उत्तरं द्यायचीस काय गो?"

सरांनी हसत सही केली. "सांगायचं की नाय, ते तुझं तू बघ."

एसटी वडखळला आली तरी माझं ठरत नव्हतं. सांगितलं तर सरांचं नाव कदाचित कापलं जाईल. नाही सांगितलं तर त्यांच्या प्रामाणिक अहवालावर उद्या कोणीही बोट ठेवेल. तुमच्यापैकी कोणी असं खरं सांगून हातचं काम घालवलंय का?

उद्या सकाळी पहिलं काम: सर माझे शिक्षक आहेत, हे साहेबांना लेखी कळवणे.