दुर्बिणीचं ऑपरेशन झाल्यावर

सीटी स्कॅनमध्ये यकृतात तीन नव्या गाठी दिसत होत्या, आणि समोर बसलेल्या कौसल्याबाई मला पोटावरचे बारीक व्रण दाखवत होत्या.

“सायेब, जखमा तर कवाच भरल्या. मग भूक का लागंना?”

कौसल्याबाई देवळाली प्रवराच्या. घरचा ऊस, चार म्हशी. दीड वर्षापूर्वी नगरला मीच त्यांच्या यकृतातली गाठ काढली होती. मूळ कॅन्सर मोठ्या आतड्याचा. तो आधीच काढला होता. तिथल्या काही पेशी रक्तातून यकृतात जाऊन वाढल्या. याला आम्ही मेटास्टॅसिस म्हणतो. गाठ एकच आणि कडेला होती, म्हणून पोट न फाडता दुर्बिणीतून काढली. पाचव्या दिवशी बाई चालत घरी गेल्या.

पण छेद लहान घेतला म्हणून कॅन्सर परत येण्याचा धोका लहान होत नाही. स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी. कौसल्याबाई एकदाच आल्या. पुढे वर्षभर फिरकल्या नाहीत.

“का नाही आणलंत?” मी सोबत आलेल्या सुनेला जरा चढ्या आवाजात विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, “आत्याबाई म्हनल्या, मी ठनठनीत हाय. आन् तुमीच तर म्हनला हुता, बारीक ऑपरेशन हाय, काळजी करू नका.”

म्हणालो होतो. भूल देण्याआधी बाई थरथरत होत्या, तेव्हा. माझा आवाज खाली आला.

“ऑपरेशन बारीक होतं, बाई. आजार बारीक नव्हता. ते मी नीट सांगितलं नाही.”

कौसल्याबाईंनी पदर सारखा केला. “म्हंजी परत आलाय व्हय?”

“हो.”

“मग आता फाडा हवं तर.”

फाडून उपयोग नव्हता. गाठी यकृताच्या दोन्ही भागांत होत्या. केमो सुरू केली. सात-आठ महिने बरे गेले. म्हशींच्या धारासुद्धा काढत होत्या. मग औषध लागू पडेना. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. सुनेनं फोन करून कळवलं. मला एका शब्दानं दोष दिला नाही.

वेळेवर आल्या असत्या तर वाचल्या असत्या, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एकच गाठ असताना सापडली असती, तर कदाचित पुन्हा काढता आली असती. एवढंच.

आता डिस्चार्ज कार्डवर सही करण्याआधी मी घरच्यांनाच विचारतो, “परत कधी यायचं?” तारीख सांगितली, तरच सही. तरीही काही जण येत नाहीत. मग आमच्या सिस्टर फोन लावत बसतात.