कमी तानाची दिशा

“तान गाण्यात असते, बाई. दगडात ताण असतो.”

सर असं बोलले आणि टेबलाभोवतीचे सहाही जण हसले. एकाने तर बसल्या जागी आलाप घेतला. मी भिंतीवरच्या नकाशासमोर उभी. “सर, ही कमी तानाची दिशा हाय,” एवढंच मी म्हणाले होते. घाबरले की माझ्या तोंडून माझं गाव, जूचंद्र, बाहेर पडतं.

आमच्या गावात सगळे पाण्याला पानीच म्हणतात. वडिलांची हयात मिठागरात गेली. घरातली पहिली इंजिनिअर मी. वालीवच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये आमचं ऑफिस आहे. खाली पंपांचं वर्कशॉप, वर आम्ही, वायूच्या विहिरींचे आराखडे करणारे. ऑफिस सरांचं, मला कॉलेजातून त्यांनीच आणलं. आमच्या घरी येऊन आईच्या हातचं जेवले, तिला म्हणाले, “ही माझी लेक.” मी विश्वास ठेवला. मूर्खच मी.

काम असं असतं. खोल दगडात वायू अडकलेला असतो. विहीर खाली नेऊन आडवी वळवायची, मग पाण्याच्या दाबाने दगड फोडायचा. भेगा जास्त ताणाच्या दिशेने धावतात. म्हणून विहीर कमी ताणाच्या दिशेने न्यायची. मग प्रत्येक भेग तिला छेदून नवा दगड उघडते. दिशा चुकली तर भेगा विहिरीलाच बिलगून पळतात, वायू आत तसाच.

नव्या विहिरीच्या जागेजवळच्या जुन्या उभ्या विहिरीच्या भिंती समोरासमोर दोन बाजूंनी ढासळल्या होत्या. ढासळते ती बाजू कमी ताणाची. सरांनी तीच जास्त ताणाची धरली. कंपनीला धाडलेल्या पहिल्या आराखड्यात अख्खी विहीर काटकोनात चुकली. मी तेच दाखवत होते. नकाशाकडे कोणी पाहिलंच नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्या दुपारी बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून मी ण, ण, ण म्हणत राहिले. दगडाचं गणित बरोबर करणारी बाई एका अक्षरासाठी रडली. त्याची मला आजही लाज वाटते.

आठ दिवसांनी नव्या आराखड्याचा अहवाल छापून आला. विहिरीची दिशा आता माझी, मी नकाशावर दाखवलेली. दोन भेगांमधलं अंतर माझं. प्रत्येक टप्प्याला पाणी किती, भेगा उघड्या ठेवायला वाळू किती, तेही माझं. नाव एकट्या सरांचं.

मी केबिनमध्ये गेले. सर गोड हसले. “अगं, तुझं-माझं काय वेगळं आहे? आणि हे बघ, तुझ्या या भाषेत तुला कंपनीच्या पाहुण्यांपुढे उभं कसं करू?”

मी गप्प बसले. हो, बसले. तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित आजही गप्पच असते.

विहीर खोदणाऱ्या कंपनीचे लोक आले. त्यांच्या मोठ्या साहेबांनी दोन्ही आराखडे शेजारी ठेवले. मराठीच माणूस. त्यांनी विचारलं, “पहिल्या आराखड्यात दिशा वेगळी होती. का बदलली?”

सरांनी फायली घेऊन कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे बोट केलं. “ज्युनियरची चूक. मी वेळेत पकडली.”

ज्या माणसाने आईच्या हातचं जेवून मला लेक म्हटलं, त्याने स्वतःची चूक माझ्या कपाळावर चिकटवली. डोळ्यांची पापणीही हलली नाही त्याची. मी उठले.

“चूक माझी नाय. ढासळलेली बाजू कमी तानाची असते. सरांनी उलटी वाचली. दुरुस्ती मी केली. तारखा घातलेल्या माझ्या फायली दाखवते.”

मी तानच म्हणाले. मुद्दाम म्हणाले. या वेळी कोणी आलाप घेतला नाही. साहेबांनी खुर्ची नकाशाकडे वळवली आणि म्हणाले, “दाखवा.”

संध्याकाळी सरांनी एक कागद पुढे सरकवला. बैठकीत मी गैरसमजातून बोलले, दिलगीर आहे, असा मजकूर. सही केली तर नोकरी राहील. मी कागद घरी आणला. आई म्हणाली, “मोठी मानसं हायती, सोडून दे गो.”

सकाळी तो कागद मी सही न करता सरांच्या टेबलावर ठेवला. खोदणाऱ्या कंपनीला माझं सगळं गणित माझ्या नावाने पाठवून दिलं. नोकरी गेली तर जाईल. माझी चूक असेल तर खुशाल माझ्या नावावर मांडा, मी भोगीन. दुसऱ्याची डोक्यावर घेणार नाही. आणि माझं बरोबर आता दुसऱ्या कुणाच्याही नावावर सोडणार नाही.