नरहरीभाऊजींच्या पुंगळ्या

नरहरीभाऊजींकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न पुढे यायचा, "तुमच्यात कुणाचं रिव्हॉल्वर व्हतं का? रिकामी पुंगळी असंल तर बघा." मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही त्यांनी व्याह्यांना हेच विचारलं. तरी लग्न जमलं, हे तिचं नशीब.

पाथरीत आमची भिंतीला भिंत. शेती बेताची, पण निवृत्त अफसरांची दारं झिजवून ते उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आणि त्यांचे पुठ्ठ्याचे डबे मागून आणायचे. स्वतः मात्र दिवाळीत कानांत कापूस घालून माजघरात बसायचे. "काडतूस तोंडानं वळखू न्हाई, वैनी," भिंग पुसत मला सांगायचे. "बुडावरची अक्षरं बघावी. अन् डबा गेला की पुंगळी पोरकी."

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी गल्लीत हत्यारांची झडती सुरू झाली. रिकाम्या पुंगळीवरूनही माणूस आत जायचा. भाऊजी सगळा संग्रह घेऊन माझ्या दारात आले. मी ताबडतोब वाटणी केली. पुंगळ्या माझ्या कणगीत ज्वारीखाली, डबे मसाले भरून माझ्या फळीवर.

"हिरव्या चिठ्ठीच्या डब्यात मोहरी नका भरू," भाऊजी म्हणाले. "डाग पडंल. लय जपलाय तो."

मी त्यात लवंगा भरल्या.

झडतीला पोलिसांचा जमादार आला, तेव्हा भाऊजी माझ्याच ओट्यावर बसलेले. त्यानं नेमका तोच डबा उचलला. "ये तो रायफल की गोली का डब्बा है."

"लवंगा आहेत. डबे बाजारात रिकामे मिळतात," मी म्हटलं.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण भाऊजींना चूक सोसवेना. "रायफलचा न्हाई, जमादारसाब. रिव्हॉल्वरचा हाय."

जमादार वळला. "तुमको कैसा मालूम? चलाते क्या?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानं काठी माझ्या पत्र्याच्या पिंपावर हाणली, बार उडाल्यासारखी.

भाऊजी कानांवर हात दाबून माझ्या पाठीमागे. डोळे घट्ट मिटलेले.

जमादार पोट धरून हसला. "ये क्या गोली चलाएंगे!" जाताना लवंगांसकट तो डबा मात्र खिशात घालून गेला.

"वाचलात, भाऊजी," मी म्हटलं.

"मी वाचलो, वैनी. पुंगळी पोरकी झाली."

पुढं कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना हिरव्या चिठ्ठीचा डबाच विचारत राहिले. तो मिळाला नाही. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं त्या डब्याची पुंगळी मला दिली. माझ्या फळीवर लवंगांच्या बरणीशेजारी ती असते, उपडी. बूड वर, येणाऱ्याला ओळखता यावी म्हणून.