मोडीतलं पातेलं

पौषात भांडी विकत घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर आमचे आबा. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे धुळ्याच्या तांबटांच्या गल्लीत दुकानदार माश्या मारत बसलेले असायचे. माझे वडील नेमके तेव्हाच अमळनेरकडच्या आमच्या खेड्यातून एसटीनं येऊन उतरायचे. गावात कुणाकडे लग्न निघालं की भांडी घ्यायला आबाच सोबत हवेत. पौषात नवी वस्तू घरात आणू नये असं कुणी कुरकुरलं, तर आबांचं उत्तर तयार असायचं, "घरमा नका आनू. भाव आते ठरावा, भांडं माघमा उचला."

खरा सौदा मात्र नव्या भांड्यांत नसायचा. त्या दिवसांत घरोघरी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, हलक्या, पांढऱ्या पातेल्यांचं वेड शिरलं होतं. आजेसासूच्या वेळची जाडजूड पितळी भांडी बायका हसत हसत मोडीत देत. दुकानाच्या मागं त्यांचा ढीग पडायचा, वितळायला जाण्याआधी. आबा थेट त्या ढिगाशी जाऊन बसायचे. भांडं उचलायचं, टिचकी मारायची, कान लावायचा. नाद लांबला तर भांडं अखंड, बसका निघाला तर कुठंतरी चीर. नवं घ्यायला पाटलानंही दोनदा विचार केला असता, असं भांडं ते मोडीच्या भावात घेऊन यायचे.

माझं बिऱ्हाड धुळ्यातच होतं. नवरा कचेरीत कारकून, आणि घरात सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. खरेदी आटोपली की आबा आमच्याकडे येत, पण ओट्यावरच बसत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा ते फडक्यातून काढायचे, पाणीही स्वतःच्या तांब्यातलं. लग्नाला वर्षं होत चालली होती, माझी कूस काही उजवत नव्हती. आत वरण उकळतंय आणि माझा बाप बाहेर गार भाकरी चावतोय, हे पाहून माझं डोकं फिरायचं. जगाला पळवाटा दाखवणारा हा माणूस स्वतःपुरता एवढा सोवळा कसा? आपल्या हातचा एक गरम घास यांच्या पोटात जाणार तरी कधी, हाच घोर मला लागला होता.

एका पौषात ते पातेलं घेऊनच आले. जाड बुडाचं, रुंद काठाचं, अंगभर हातोडीचे ठोके. गल्लीतच ताजी कल्हई करून आणलेली, आत बघावं तर तोंड दिसावं. "मोडमा व्हतं," आबा अभिमानानं म्हणाले. "जुनं शे, त्याले पौष लागत नही." लेकीला रिकामं भांडं द्यायचं नाही, म्हणून त्यात आमच्या शेतातली तूरडाळ आणि वाटेत घेतलेले तांदूळ भरले होते.

मी हात पुढे केले, तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि आबांकडे वळल्या. "भांडं आजून तुमनंच शे ना?"

"शे."

"डाय-तांदूय बी तुमना?"

"मनाच."

"मंग देऊ नका. आठेच ओटावर खिचडी टाकूत. पानी मुनशिपाल्टीनं, आग देवनी. आमनी सून नुसती पळी फिरावस. यामा आंडेरनं, तुमनी लेकनं, काय शे?"

आबांनी डोकं खाजवलं. "आनि मीठ?"

अक्कांनी त्यांचं फडकं उचलून पुढे धरलं. "तुमना ठेचामा शे ना!"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आयुष्यभर दुकानदारांना कोंडीत पकडणारा माणूस त्या दिवशी माझ्या सासूपुढं हरला, आणि मला सासूच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी ओट्यावर तीन विटा मांडल्या. जाड बुडामुळं खिचडी जराही करपली नाही. वर तेल सोडायची वेळ आली तेव्हा अक्का आत गेल्या, आणि ते तेल कुणाचं हे आबांनी विचारलं नाही. गरम घास फुंकून खाताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "आजून वाढ," ते म्हणाले. मी वाढलं, आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

पातेलं त्यांनी मला दिलंच नाही. दिलं की ते माझं झालं, आणि मग खिचडी बंद. ते आमच्या फडताळात राहिलं, पण आबांचं म्हणून. पौषातच येणारे आबा मग वर्षभर काही ना काही कामं काढून धुळ्याला येऊ लागले.

पुढं मला मुलगा झाला. आबा आले आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात पाटावर बसले. जेवण झाल्यावर त्यांनी पातेलं मागवलं, त्यात मूठभर तांदूळ टाकले आणि माझ्यापुढं सरकवलं.

"घे. आते हाई तुनं."

मी ते परत त्यांच्याकडे सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या, आबा," मी म्हणाले. "तुमनं भांडं आठे शे, म्हनीसन तुम्ही येतस."