बाहुलीचा मोकळा हात

जुनी खेळणी जमवणारे एक गृहस्थ काल आमची बाहुली बघायला आले. खोक्याचं झाकण निघालं आणि जुन्या पुठ्ठ्याचा, डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला.

वडिलांनी गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली ती बाहुली कायम शोकेसमध्ये, खोक्यासकट. पाहुण्यांनी बघायची, आम्ही बहिणींनी हात लावायचा नाही. "मळंल की!" आई म्हणायची.

आम्ही लहान असताना एका दुपारी तापाने फणफणलेल्या धाकट्या पमीला दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती. पमीने बाहुली मागितली. आईने खोका ओढला, वरचा कागद नखांनी फाडला. बाहुलीचे हात पुठ्ठ्याला प्लास्टिक चढवलेल्या तारेने आवळलेले. एक सुटला. दुसरा सुटेना. आई तार दातांनी ओढू लागली. बाहेरून वडील ओरडले, "अगं, चल लवकर!"

पमीने बाहुलीचा मोकळा हात धरला. "ऱ्हाऊ दे आई. दुसरा आल्यावर सोडू की."

पमी परत आली नाही. आईने खोका पुन्हा शोकेसमध्ये ठेवला.

"अरेरे," गृहस्थ हळहळले, "हा हात सोडायला नको होता. मूळ पॅकिंग मोडलं."

मी खोका त्यांच्याकडून काढून घेतला. दुसऱ्या हाताची तार अजून तशीच आहे. तिच्या प्लास्टिकवर आईचे दात उमटलेत.