उयुमच्या खाटेखाली

चिलुहुर गावात कुजबुज अशी होती की, उयुम आपल्या मेलेल्या नवऱ्याला खाटेखाली ठेवते. रोज सकाळी त्याला कोमट पाणी पाजते, आणि तो तिचे हात चावतो. हात खरंच लालभडक सुजलेले असायचे, दाराआडून करकर आवाजही यायचा. पाणवठ्यावरच्या बायकांना एवढं भांडवल रगड झालं.

उयुमच्या डोक्यात मात्र जाळ पेटला होता. नवऱ्याच्या चाळिसाव्याचा भात चुलीवर असतानाच धाकटा दीर ओदिंग याने उतारावरची आरेनची, म्हणजे गुळाच्या ताडाची, अकराही झाडं खोडातलं पीठ काढणाऱ्या व्यापाऱ्याला विकली. त्याच झाडांचा रस उतरवून नवऱ्याने तीस वर्षं गूळ केला होता. ती धावत पोचली तेव्हा सगळी आडवी झालेली. रोज्यांतल्या गोडासाठी गावकरी आरेनची फळं हिरवीच उतरवतात. नवरा आजारी म्हणून एक घड राहून पिकला होता. तो तिने पाठीवर घातला.

ओदिंगला त्या उतारावर आलं लावायचं होतं. पावसाआधी वहिनीने एक तरी आरेन उगवून दाखवावा, नाहीतर जमीन सोडावी, असं त्याने गावप्रमुखाकडून वदवून घेतलं. आरेन कुणी पेरत नसतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

“वहिनी, उदमांजराच्या पोटातून गेल्याशिवाय ते बी फुटत नाही,” ओदिंग चारचौघांत म्हणाला. “आता तुम्ही गिळणार का?”

“गिळायचं काम तुमचं, भाऊजी. अकरा झाडं गिळलीत, एक तरी उगवलं का?”

हसणारे एकदम खोकायला लागले.

पिकल्या फळाचा गर कातडीला लागला की आग होते. उयुमने तो संतापाच्या भरात नुसत्या हातांनी काढला. मग बिया दगडावर घासल्या. पहिल्या चाळीस बुडाशी घासल्या, त्या कुजल्या. तेव्हा दिराचा उद्धार करत ती बांबूच्या बेटात शिरली आणि उदमांजराच्या विष्ठेतली फुटलेली बी शोधून निरखली. कोंब एका बाजूच्या बारीक ठिपक्यातून आला होता. उरलेल्या नव्वद तिने त्याच ठिपक्यावर घासल्या.

पाचव्या महिन्यात, पावसाच्या तोंडावर, भूत उतरवायला ओदिंग मौलवी आणि गावप्रमुख दोघांना घेऊन आला. उयुमने खाट उचलून भिंतीला उभी केली.

“बघा,” ती म्हणाली, “आणि तुमचं आलं दुसरीकडे लावा.”

खाटेखाली कुणी नव्हतं. कोमट पाण्याने भिजवलेलं गोणपाट होतं. त्यात आरेनच्या नव्वद बिया होत्या. सतरा फुटल्या होत्या.