खळ्यातली रेघ

गावात धावण्याच्या शर्यती भरवायच्या तर काय काय ठाऊक असावं लागतं, ते मला शर्यती भरवून झाल्यावर कळलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. नागभीडच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका धानाच्या गावात मी मास्तर होतो.

पहिल्या वर्षी बैलगाडीच्या चाकाला फडकं बांधलं आणि फेरे मोजून अंतर आखायला घेतलं. गाडीवान मध्येच विडी पेटवायला उतरला आणि आकडा विसरला. बघे दोरीमागे उभे राहत नाहीत, हेही तेव्हाच समजलं. आपला माणूस पुढे दिसला की निम्मं गाव त्याच्यासोबत पळत सुटतं आणि मग पहिला कोण आला हे देवच जाणे. ते सगळं निस्तरता आलं. दुसऱ्या वर्षीचं नाही आलं.

त्या वर्षी पहिला येईल त्याला जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, शर्यतीसाठी पाठवायचं होतं. तिथे पोलीस भरतीचे साहेब येऊन चांगले गडी निवडणार होते. वयाची अट पंचविशीची. आमच्या गावातला एक सालगडी नेमका पंचविशीला टेकलेला. चुकलेली म्हैस हुडकायला तो रानात जायचा तो पळतच, आणि पळतच यायचा. पोलिसात लागलो तर मालकाच्या गोठ्यात निजणं सुटेल, एवढंच तो म्हणे. पुढच्या वर्षी त्याला कोणी घेणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

चांद्याला कॅनव्हासचे जोडे घालून पळतात, असं मी ऐकून होतो. शाळेच्या कवायतीचा एक जोड त्याच्या पायाला बसला. सवय व्हावी म्हणून तो घालूनच पळ, असं मी त्याला बजावलं आणि नाडी सुटू नये म्हणून दुहेरी गाठ स्वतःच्या हातानं मारली. बाकीचे सगळे अनवाणी होते. पक्षपात होता, पण उघड होता.

शेवटची रेघ मी त्याच्याच मालकाच्या खळ्यात आखली. मळणीसाठी शेणानं सारवलेली, गावात तेवढीच सपाट जागा. धानाची रास एका कोपऱ्यात लावलेली होती.

तो चांगला शंभर पावलं पुढे होता. खळ्याच्या काठाशी आला, थांबला, खाली बसला आणि नाडी सोडू लागला. पळ, पळ, म्हणून मी ओरडलो. त्यानं मान वर केली.

"रास हाये ना, गुरुजी. जोडे घालून खळ्यात कसा येऊ?"

गाठ सुटेना. मागचा अनवाणी गडी त्याच्या शेजारून गेला आणि रेघ ओलांडून उभा राहिला. मग हा जोडे बाहेर ठेवून आत आला. दुसरा.

गावात कोणालाच यात वावगं वाटलं नाही. शर्यत पुन्हा घ्यावी, असं माझ्या मनात आलं होतं. पण जिंकलेल्याचं तरी काय चुकलं होतं? मी त्याचं नाव चांद्याला धाडलं. त्याला पोलिसात घेतलं.

मी मात्र आठवडाभर सालगड्यावर धुमसत होतो. हातातोंडाशी आलेला घास असा कोणी सोडतो का? मग एकदा त्या खळ्यावरून जाताना आठवलं. शर्यतीच्या सकाळी फक्कीची रेघ मारायला मी आत गेलो, तेव्हा माझ्या वहाणाही काठाशीच काढून ठेवल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

त्याच्याकडे जाऊन चूक माझी होती असं सांगावं, असं रोज ठरवत होतो. सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी तो आपणहून आला आणि फक्कीची टोपली त्यानं उचलली. पळणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं. मी मागोमाग निघालो. खळ्याच्या दोन शेतं अलीकडे, कापणी झालेल्या मोकळ्या धानवावरात तो थांबला.

"इथी मारा, गुरुजी," तो म्हणाला. "इथी जोड्यानं बी येता येते."

त्यानं दोरीचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही रेघ मारली.